निळं कापड शेवटच्या पाण्यात

आईच्या हातांपासून सुरू करते. बाकी सगळं त्यांच्यापायीच झालं.

मी शाळेत होते तेव्हापासून आई केडगावात चार घरची भांडी घासायची. भांड्यांच्या पावडरीनं तिचे हात फुटले. थंडीत सगळ्यांचे फुटतात तसे नाही. तळव्यांना आडव्या भेगा, बोटांच्या पेरांतून रक्त, भाकरी थापताना पिठात लाल ठिपका. तो ठिपका चिमटीनं काढून टाकायची आणि भाकरी तव्यावर घालायची. सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "सोड्यात, पावडरीत हात घालणं बंद करा. नाहीतर मलम देऊन काही उपयोग नाही." आई "बरं" म्हणाली. दुसऱ्या दिवशी सकाळी सातला ती पहिल्या घरच्या मोरीत बसलेली होती.

मी राबणाऱ्या बायकांच्या एका लहानशा संघटनेत काम करते. माझं काम पत्रकं लिहिण्याचं. पाठपोट एक कागद, वर मोठ्या अक्षरात प्रश्न, खाली मागण्या. घरकाम करणाऱ्या बायकांना आठवड्याची सुट्टी द्या, हातमोजे द्या, आजारपणाची रजा द्या. यातली चार पत्रकं मी आईच्या हातांकडं बघून लिहिली. चांगली लिहिलीस, असं लोक म्हणाले. त्या चार पत्रकांनी चार घरांतून हातमोज्यांचा एक जोड आला नाही. एका घरच्या बाईंनी पत्रक हातात घेऊन आईला विचारलं, "तुमच्या मुलीचं का हे? किती छान अक्षर आहे!" ते छापलेलं होतं.

माझी एक पद्धत आहे. कुठलंही पत्रक छापायला द्यायच्या आधी ते आईला वाचून दाखवायचं. आईला सही येते, वाचता येत नाही. तिला जे वाक्य कळत नाही ते मी खोडते. संघटनेतली शिकलेली माणसं यावर हसतात. हसू देत. ज्या बाईसाठी कागद काढायचा तिलाच तो कळत नसेल तर तो शेंगदाणे बांधायला बरा. ही पद्धत मी अभिमानानं सगळ्यांना सांगायचे. आता सांगत नाही.

पुणे रोडला आमच्या वस्तीपासून चालत दहा मिनिटांवर गाड्यांच्या डिटेलिंगचं एक दुकान उघडलं. साधं गाडी धुण्याचं सेंटर नव्हे. इथं एका गाडीवर दोन दोन दिवस काम चालतं. रंगाला पॉलिश, त्यावर काचेसारखा थर, आतल्या शिलाया ब्रशनं झाडायच्या. मालक तिशीतला, कर्जतकडचा, शेतकऱ्याघरचा. पुण्यात काम शिकून आला होता. त्याला गाड्या पुसायच्या टॉवेलांसाठी धुणारी बाई हवी होती. आधी त्यानं मशीन घेतलं होतं, ते बोअरच्या खाऱ्या पाण्यानं वर्षात बसलं. आईला कुणीतरी सांगितलं, आई जाऊन आली आणि घरी येऊन म्हणाली, "नुसते टॉवेल हायेत. माणसाच्या अंगाचे न्हाईत, गाडीच्या अंगाचे."

मी हसले. तिनं भांडी सोडली म्हणून मला आनंद झाला, पण खरं सांगायचं तर श्रीमंतांच्या गाड्यांचे टॉवेल धुणं मला काही बरं वाटलं नव्हतं. माणसांना प्यायला पाणी दोन दिवसाआड, आणि गाडीच्या टॉवेलला गाळून मऊ केलेलं पाणी. हे पण मी एका पत्रकात घातलं होतं. आईनं ते वाक्य ऐकून घेतलं आणि म्हणाली, "ह्ये काढ. माझं काम जाईल." मी काढलं.

पहिल्याच दिवशी आईनं आपली कला दाखवली. कढत पाणी, मूठभर पावडर, वरून वासाचं औषध. टॉवेल असे मऊ झाले की तिनं एक गालाला लावून बघितला. दुकानात गाड्या पुसणारे एक काका होते, राजूरचे, चाळिशी ओलांडलेले. घरदार तिकडं, हे इथं दुकानामागच्या खोलीत राहायचे. त्यांनी एक टॉवेल उचलून बोनेटवरच्या पाण्यावरून फिरवला. पाणी पुढं पळालं. टॉवेल कोरडाच.

"मावशी, ह्याचं पोट भरलं," काका म्हणाले. "आता ह्यो पानी कशाला पिईल?"

"मंजे?"

"ह्याला वास नको, मऊपना नको. ह्याला उपाशी ठिवायचं. उपाशी आसला तरच धूळ उचलतो."

"उपाशी ऱ्हायचं मला नका शिकवू," आई म्हणाली. "त्यात माझा हात धरनारं कोनी न्हाई."

काका लई हसले म्हणे. त्या दिवसापासून दोघांचं जमलं. काकांनी तिला सगळं शिकवलं. पाणी गार. पातळ साबण बोटभर, बस. सोडा नाही, पावडर नाही. सुती फडकं सोबत टाकायचं नाही, त्याचे दोरे हे कापड धरून ठेवतं. पिळायचं नाही, तळव्यांनी दाबायचं. वाळत घालायचं ते सावलीत, मागच्या पत्र्याखाली, रस्त्याची धूळ येते म्हणून वरून मच्छरदाणी. आणि जमिनीवर पडलेला टॉवेल पुन्हा गाडीला लावायचा नाही, तो वेगळा काढायचा. हे सगळे नियम मालकानं इंग्रजीत छापून, प्लास्टिक चढवून भिंतीवर लावले होते. तिथं इंग्रजी वाचणारा तो एकटाच.

गार पाणी, पातळ साबण, सावली. दोन महिन्यांत आईचे हात भरून यायला लागले.

आम्हाला ते कसं कळलं ते सांगते. हे मायक्रोफायबरचं कापड दिसायला मऊ, पण त्याला डोळ्यांना न दिसणारे आकडे असल्यासारखं असतं. खरबरीत कातडीला ते धरतं. सुरुवातीला आईनं टॉवेलवरून हात फिरवला की कर्र व्हायचं, तिच्या अंगावर काटा यायचा. दात खाऊन धुवायची. मग एकेक बोट सुटत गेलं. संध्याकाळी घरात पाय ठेवल्या ठेवल्या ती बातमी द्यायची, "आज डाव्या हाताला न्हाई धरलं." एक दिवस म्हणाली, "आज कुटंच न्हाई धरलं," आणि मला दोन्ही तळवे दाखवले, लहान पोरी मेंदी दाखवतात तसे. मी तिचा फोटो काढला. तो अजून मोबाईलमध्ये आहे.

म्हणून हे काम टिकणं म्हणजे काय होतं, ते मला कुणी समजावून सांगायला नको होतं. हे काम गेलं की पुन्हा मोरी, पुन्हा पावडर.

आता रंगांचं. टॉवेल तीन रंगांचे. पिवळे गाडीच्या अंगाला, हिरवे काचेला, निळे चाकांना. चाकांवर ब्रेकची काळी भुकटी बसते, ती म्हणजे बारीक लोखंडच. म्हणून चाकांचे टॉवेल सगळ्यात घाण. मऊ पाणी मोजकंच मिळायचं, बहुतेक सगळं गाड्यांना लागायचं, त्यामुळं एकाच टबाच्या पाण्यात सगळे टॉवेल काढायचे. आधी पिवळे, मग हिरवे, शेवटी निळे, आणि ते पाणी फेकून द्यायचं. आईनं हा क्रम मला घरी येऊन सांगितला होता. "निळे चाकाला," असंही म्हणाली होती, आणि थांबली होती. मी मोबाईलमध्ये बघत "हं" म्हणाले. ती का थांबली ते विचारायचं मला सुचलं नाही.

मग एप्रिल आला. आमच्या वस्तीत जयंती म्हणजे काय असते ते वेगळं सांगत नाही. पण दर वर्षी जयंती झाली की चार दिवसांनी निळ्या पताका, निळे झेंडे, निळं कापड गटारीत लोळतं. त्यावरून रिक्षा जातात, डुकरं जातात. मला दर वर्षी संताप यायचा. दुसऱ्यानं केलं असतं तर आपण रस्त्यावर उतरलो असतो, आणि हे आपलं आपणच करतो. त्या वर्षी मी त्यावर पत्रक लिहिलं. मोठ्या अक्षरात ओळ होती: "निळा रंग घाणीत नाही! निळा रंग पायाशी नाही! निळा रंग शेवटी नाही!"

आईला वाचून दाखवलं. तिनं डोळे मिटून ऐकलं. एरवी ती मध्ये बोलते, हे कळलं नाही, ते लांबलं. त्या दिवशी एक शब्द बोलली नाही. संपल्यावर म्हणाली, "परत वाच ती वळ." मी परत वाचली. "बराबर हाय," ती म्हणाली. मला वाटलं, माझं आतापर्यंतचं सगळ्यात चांगलं पत्रक. विहारात मी ते माईकवर वाचलं तेव्हा बायकांनी टाळ्या वाजवल्या. आई पहिल्या ओळीत मांडी घालून बसली होती.

जूनमध्ये दुकानात तक्रारी सुरू झाल्या. पॉलिश करून गेलेल्या गाड्यांवर बारीक चरे. साध्या उजेडात दिसत नाहीत, पण मोबाईलचा टॉर्च मारला की कोळ्याच्या जाळ्यासारखी गोल गोल जाळी दिसते. काळ्या गाडीवर तर जास्तच. मालकानं पॉलिश बदललं. साबण बदलला. मग काकांवर ओरडला, "दाबून पुसता तुम्ही, हात जड आहे तुमचा." काका म्हणाले, "मालक, पंधरा वर्सं पुसतोय, आजच हात जड झाला व्हय?" आईलाही विचारलं. आई म्हणाली, "मी नियमानं धुते." एका बिल्डरच्या नव्याकोऱ्या काळ्या गाडीचं बोनेट पुन्हा पहिल्यापासून करून द्यावं लागलं, वर त्यानं दुकानात उभं राहून आईबहिणीवरून शिव्या दिल्या. त्या दिवशी मालक आईला म्हणाला, "मावशी, सोमवारपासून येऊ नका. मी बघतो काय करायचं ते."

आई घरी आली, चहा टाकला आणि मला पाठमोरी राहूनच सांगितलं.

मी पेटले. मला असंच होतं. मालकानं इंग्रजीत नियम लावलेत, पाणी खारं, टाकी कधी धुतली नाही, आणि चूक कुणाची? सगळ्यात खाली बसलेल्या बाईची. रात्रीतून पत्रक लिहून काढलं. वर प्रश्न: "हात बरे झाले, आता काम काढून घेता?" सकाळी आईला घेऊन दुकानात गेले. आई नको नको म्हणत होती. "तू गप बस, पोरी, मी बोलते त्येंच्याशी." मी ऐकलं नाही. हे मी मुद्दाम लिहिते आहे. ती नको म्हणत होती.

मालक एका पांढऱ्या गाडीच्या दारापाशी उभा होता. मी बोलायला सुरुवात केली आणि थांबलेच नाही. पुरावा काय, चौकशी कुठं, आधी लेखी का दिलं नाही. तो ऐकत राहिला. मध्ये एकदाच म्हणाला, "ताई, पाणी घ्या." मला ते पण खटकलं.

शेवटी मी म्हणाले, "माझ्या आईला तुमच्यासमोर धुवायला लावा. पहिल्यापासून शेवटपर्यंत. एक चूक काढून दाखवा. निघाली तर मी माफी मागून जाईन."

"चला," तो म्हणाला.

आईनं माझ्याकडं बघितलं. घाबरली नव्हती. उलट तिला बरंच वाटलं असावं, की होऊन जाऊ दे. पत्र्याखाली गेली, पदर खोचला, स्टुलावर बसली. टबात स्वच्छ पाणी घेतलं, त्यात बोटभर साबण. काकांनी कालचे टॉवेल आणून तिच्याशेजारी तीन गठ्ठ्यांत ठेवले. मी मोबाईल काढून शूटिंग सुरू केलं. पुरावा म्हणून.

आईनं निळा गठ्ठा उचलला.

"मावशी," काका हळूच म्हणाले, "पिवळे आधी."

"म्हाईत हाय मला."

"मग?"

"मग काय. निळं शेवटी न्हाई," आई म्हणाली. मान वर करून माझ्याकडं बघितलं, "व्हय ना गं?"

तो व्हिडिओ मी पुसून टाकला. पण त्यात माझा आवाज नव्हता हे मला पक्कं आठवतं.

आईनं निळे टॉवेल धुतले. काय धुतले! एकेक उलगडून, दोन्ही तळव्यांत धरून, विहारातल्या मूर्तीखालचं वस्त्र धुवावं तसे. मग ते बाजूला काढले आणि पिवळे उचलून हात त्याच पाण्याकडं नेला. मालक खाली बसला. "थांबा," म्हणाला. टबाच्या तळाशी बोटं फिरवून वर काढली आणि उजेडात धरली. बोटांवर काळी चमकणारी भुकटी.

"हे लोखंड आहे, मावशी. ह्यात तुम्ही पिवळे घालता?"

"मी लई बुडवत न्हाई त्ये. वरच्यावर काढते."

"पण का? नियम माहिती होता ना?"

आई टबाकडं बघत बोलली. "निळं तुमी चाकाला लावता. त्ये काय माझ्या हातात न्हाई. धुनं माझ्या हातात हाय. म्हनलं निदान धुताना तरी त्ये पहिल्या पान्यात जाऊ दे."

"कुणी सांगितलं तुम्हाला असं?"

"कोनी न्हाई. माझंच मन."

तिनं मला वाचवलं, माझ्याच समोर. मी म्हणाले, "मी लिहिलं होतं." कुणाला काही कळलं नाही. पिशवीत जयंतीच्या पत्रकाच्या उरलेल्या प्रती होत्या, त्यातली एक काढून दिली. मालकानं ती वाचली. पूर्ण वाचली, पाठपोट. माझं पत्रक इतक्या लक्ष देऊन वाचलेला तो पहिलाच मालक.

"ताई, मी हा रंग मुद्दाम चाकाला लावला असं वाटतं तुम्हाला?"

मला हो म्हणायचं होतं. हो म्हणता आलं असतं तर सगळं सोपं होतं. मी म्हणाले, "मग का लावला?"

"पाकिटात तीन रंग आले. निळे जाड होते. चाकाला जाड लागतं. बस."

"बदलता आला असता."

"आला असता ना. आत्ता बदलतो. सांगा कोणता लावू?" तो बोटांवर मोजायला लागला. "पिवळा? माझ्या आईच्या कपाळाला रोज भंडारा असतो, ती महिन्यातून एकदा दुकानात येते. हिरवा? शेजारचा पंक्चरवाला माझा दोस्त आहे, त्याच्या डोळ्यांसमोर चाकं पुसू? भगवा मागवू? मग दुकान ठेवायलाच नको. लाल? पांढरा? तुम्ही पत्रक काढता, तुम्हीच सांगा. चाकं तर पुसायचीच आहेत."

मी मनात एकेक रंग खोडत गेले.

"करडा आना," काका म्हणाले. "करड्याला कोनी वाली न्हाई."

मालक हसला. काकाही. मलाही हसू आलं असतं. "मिळतो करडा," मालक म्हणाला, "आजच सांगतो." एवढंच होतं ते. दोन महिन्यांपूर्वी आई एक वाक्य बोलली असती, नाहीतर त्याच्याही आधी, ती थांबली तेव्हा मी मान वर करून विचारलं असतं, तर करडे टॉवेल तेव्हाच आले असते.

आईनं ओले हात लुगड्याला पुसले. "मंग दादा, मी सोमवारी येऊ?"

मालक टबापासून उठला. मग म्हणाला, "मावशी, रंगाचं झालं. माझं काय? काकांवर मी महिनाभर ओरडलो. तुमच्यासमोर ओरडलो. तुम्ही 'नियमानं धुते' म्हणालात."

"मला न्हाई वाटलं त्यानं चरे पडत्याल. आईच्यान."

"ते कळलं मला. पण ह्या पाण्यात काय आहे ते डोळ्यांना दिसत नाही. मला तुमच्या शब्दावर चालावं लागतं. उद्या दुसरं काही तुमच्या मनात आलं तर? मी रोज टबापाशी उभा राहू का?"

काका मध्ये पडले. "मालक, माझं काय न्हाई त्यात. ऱ्हाऊ द्या मावशींना."

"तुमचं नाही, माझं आहे," तो म्हणाला. चिडून म्हणाला असता तरी चाललं असतं. तो पडेल आवाजात बोलला.

मी मागणी शोधत होते. माझ्याकडं कायम मागणी असते. पिशवीत नवं पत्रक होतं, "हात बरे झाले, आता काम काढून घेता?" ते बाहेर काढण्यासारखं नव्हतं. त्याच्या जागी मी असते तर मीही कदाचित हेच केलं असतं, हा विचार आला आणि मला स्वतःचीच किळस आली. मी कबूल केल्याप्रमाणे माफी मागितली. त्यानं हात जोडले. संपलं.

परत येताना आई पुणे रोडच्या कडेनं पुढं चालत होती, मी मागं. ट्रक जात होते. मंदिरापाशी वळताना ती थांबली.

"चुकीचं लिहिलं हुतंस का तू?"

"नाही."

"मंग मी चुकले?"

"नाही गं."

"मंग काम कसं गेलं?"

खरं उत्तर मला ठाऊक होतं. घाणीत नाही, हे मी गटारीतल्या झेंड्यांवरून लिहिलं होतं. पायाशी नाही, तेही. "शेवटी नाही" कशावरून लिहिलं होतं? कशावरूनच नाही. दोन म्हणून थांबलं की वाक्य लंगडं वाटतं, घोषणेला तिसरं लागतं, म्हणून घातलं. तालासाठी. त्या एका शब्दावर माझी आई दोन महिने टब भरत होती. हे मी तिला सांगितलेलं नाही. सांगायचं कसं? ज्या वाक्याला ती डोळे मिटून "बराबर हाय" म्हणाली, ते मी नुसतं बसवलं होतं, हे तिला सांगू? "चल, ऊन लागतंय," मी म्हणाले.

आईनं पुन्हा दोन घरं धरली, मग तिसरं. मी बाजारातून रबराचे हातमोजे आणले. इतकी वर्षं आणले नव्हते, मालकिणींनीच दिले पाहिजेत, हे तत्त्व होतं. किती साधी गोष्ट होती ती. तिनं दोन दिवस घातले. काचेचा ग्लास सुटला, बाईंनी तोंड केलं, तिसऱ्या दिवशी मोजे मोरीवरच्या खिळ्याला अडकवलेले दिसले. डॉक्टरीणबाईंची बदली झाली. नव्या डॉक्टरांनी तेच मलम लिहून दिलं.

पोळ्याच्या आसपास काका एकदा घरी आले. पिशवीत निळे टॉवेल होते, वीस एक. "करडे आले, मावशी. हे आता कामात न्हाईत. मालकांनीच दिले." आईनं त्यांना चहा केला. टॉवेल कोण धुतं, असं तिनं विचारलं. "मीच," काका म्हणाले, "रोज पिवळे आधी," आणि ओशाळले. ते गेल्यावर तिनं सगळे टॉवेल गार पाण्यात, बोटभर साबणात धुतले, दाबले, आत दोरीवर सावलीत वाळवले आणि घड्या घालून फळीवर ठेवले. एक बाहेर ठेवला, भिंतीवरच्या फोटोची काच पुसायला.

परवा नवं पत्रक घेऊन बसले होते. दवाखान्यात चामडीचे डॉक्टर नेमा, असं. आई फोटो पुसत होती. "वाच," म्हणाली. मी वाचायला लागले. दुसऱ्या ओळीला मागून आवाज आला, कर्र. मी थांबले. आईनं टॉवेल तळव्यापासून सोडवला, अंगठ्याच्या मुळाशी अडकला होता. पुन्हा नीट धरला, काच पुसून पूर्ण केली.

"धरलं?" मी विचारलं.

"धरलं जरा. तू वाच."

मी वाचलं. तिनं ऐकलं, उघड्या डोळ्यांनी. घोषणा आली तेव्हा हात वर करून मला थांबवलं.

"ही वळ करायची हाय का नुसती म्हनायची?"

"कुठली?"

"हीच. आदी सांग. मंग मी तसं ऐकते."

मी कागदाकडं बघितलं. तीन वाक्यं होती, एकाखाली एक. पेन काढलं आणि तिसरं खोडलं. मग दुसरं. आई टॉवेलची घडी घालत उभी होती, सावकाश, कापड भेगांना धरणार नाही अशी, बोटांच्या टोकांनी.

"पयलं?" तिनं विचारलं.

"बघते," मी म्हणाले.

ती संध्याकाळी सहाच्या घरी भांड्यांना निघून गेली. पहिलं वाक्य अजून तसंच आहे. खोडलेलं नाही, छापायला दिलेलं नाही.